पोळ्याचा बाजार जुन्याच जागेवर भरू द्या : आमच्या नगरपंचायतीला एका दुकानदारणीचे खुले पत्र

प्रति,
मा. मुख्याधिकारी, मा. नगराध्यक्ष आणि सर्व नगरसेवक,

सादर नमस्कार.

काल शुक्रवारी बायपासजवळच्या नव्या मैदानावर पहिल्यांदा आठवडी बाजार भरला. दुपारी अडीचच्या सुमारास पाऊस आला. फार मोठा नाही, अर्धा तास पडला असेल. शेजारच्या गावचे कुंभारदादा पोळ्याचे मातीचे बैल घेऊन बसले होते. ज्यांच्या दारी बैलजोडी नाही त्यांच्या घरी पाटावर मांडून हेच बैल पुजतात. ते कच्च्या मातीचे असतात, भाजलेले नसतात, वरून नुसता रंग असतो. जुन्या बाजारात कुंभारदादांची जागा पिंपळाच्या पाराला लागून, आमच्या दुकानाच्या पत्र्यापुढे. पावसाचा थेंब पडला की टोपली दोन हात मागे ओढायची, एवढंच काम. काल मागे ओढायला काही नव्हतं. त्यांनी डोक्याचं फडकं सोडून बैलांवर टाकलं. कोणीतरी ताडपत्री आणेपर्यंत शिंगं गळून पडली होती आणि पांढरा रंग काळ्या चिखलात उतरत होता. एकशेवीस बैल आणले होते. त्यातले शाबूत किती राहिले, ते त्यांनी मोजलेही नाहीत.

संध्याकाळी परत जाताना ते रिकामी टोपली आमच्या दुकानात ठेवायला आले. मला म्हणाले, "पोरी, पुढच्या शुक्रवारी मी येत नाही वं. आता नवे बैल वाळत नाहीत. अन् पोळा झाल्यावर कोन घेते?"

रात्री झोप लागली नाही. आज दुकान जरा उशिरा उघडलं आणि हे पत्र लिहायला घेतलं.

मी बाजार ओळीत दोर-कासऱ्याचं दुकान चालवते. पोळ्याच्या आधी वेसण, म्होरकी, कासरे, घुंगरमाळा, झुली, बैलाच्या कपाळावर बांधायच्या मठाट्या, बाशिंगं. पोळा सरला की ताडपत्री, सुतळी, बारदाना, कापूस वेचायच्या ओट्या. दुकान माझ्या सासूबाईंनी उभं केलं. लग्न होऊन त्या या गावी आल्या तेव्हा दुकान नव्हतं, एक पोतं होतं. ते अंथरून त्या शुक्रवारच्या बाजारात अंबाडीचे दोर विकायच्या. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदण, रात्री कंदिलाच्या उजेडात वाख वळायचा. त्यांच्या लोखंडी पेटीत ग्रामपंचायतीची बाजार-पावती अजून जपून ठेवलेली आहे. १९७१ सालची, चार आण्यांची. कागद पिवळा पडला आहे, पण शिक्का वाचता येतो. २०१५ मध्ये ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. पाटी बदलली, बाजार होता तिथेच भरत राहिला.

माझं आताचं दुकान पक्कं आहे. बाजार कुठेही गेला तरी मला कोणी उठवणार नाही. म्हणून काही जण मला म्हणाले की तुम्ही कशाला यात पडता. मी पडते, कारण आमच्या घरातली भाकर त्या पोत्यावरून आली आहे. आणि कारण बाजार गेला तर माझं पक्कं दुकान रिकाम्या रस्त्यावर उभं राहील, हेही मला कळतं. आषाढात मी नागपूरला इतवारीत जाऊन एक लाख ऐंशी हजारांचा साज आणला, त्यातला बराचसा उधारीवर. त्यातला निम्म्याहून जास्त माल पोळ्याच्या आधीच्या एकाच शुक्रवारी निघतो. तो शुक्रवार हुकला की मठाटीला पुढच्या वर्षापर्यंत कोणी हात लावत नाही. तोवर लोकरीचा रंग उडतो, बेगड काळी पडते. असाच माल गावात कित्येकांच्या घरी भरून पडला आहे. सुतारदादांच्या ओसरीत तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी रांगेनं उभे आहेत, चाकं लावून तयार.

आता आमचं जे म्हणणं आहे ते सांगते. रागाच्या भरात काही चुकीचं लिहिलं जाऊ नये म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा तपासली आहे.

पहिलं म्हणजे, आम्हाला कोणी विचारलं नाही. सोमवारी सकाळी घंटागाडीच्या भोंग्यावर सांगितलं गेलं की येत्या शुक्रवारपासून बाजार बायपासवर भरेल. मध्ये फक्त तीन दिवस. आणि घंटागाडी फिरते ती गावातल्या प्रभागांतून. बाजारात पसरा मांडणारे निम्मे लोक गावात राहतच नाहीत. ते आसपासच्या खेड्यांतून, तांड्यांवरून, कोलामांच्या पोडांवरून म्हणजे वस्त्यांवरून येतात. त्यांना भोंगा ऐकू कसा येणार? काल पहाटे सहाला ते नेहमीसारखे जुन्याच जागी आले, पाल ठोकू लागले आणि तिथून त्यांना उठवलं गेलं. संभार म्हणजे कोथिंबीर आणि आंबाडीची भाजी घेऊन येणारी एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन तिथून पायी नव्या मैदानावर गेली. अडीच किलोमीटर. पोचेपर्यंत भाजी सुकली आणि सकाळचं गिऱ्हाईक निघून गेलं. तिनं मला विचारलं, "बाई, आमाले कोनं इचारलं होतं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर आपल्याकडे आहे.

माझी मुलगी अमरावतीला शिकते. तिनं मला कायद्याची प्रत मोबाईलवर पाठवली. मी दोन रात्री बसून ती वाचली. २०१४ साली संसदेनं पथविक्रेत्यांसाठी एक कायदा केला, पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम. मला वाटायचं असले कायदे मुंबई-पुण्यासाठी असतात. पण त्यात महानगरपालिका आणि नगरपरिषदेबरोबर नगरपंचायतीचंही नाव लिहिलेलं आहे. सार्वजनिक जागेवर बसून विकणारा माणूस त्यात येतो. या कायद्यानुसार गावात एक नगर पथविक्रेता समिती असायला हवी. तिचे अध्यक्ष, मुख्याधिकारी साहेब, आपण स्वतः असता. समितीतले किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून आणि विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असावे लागतात, आणि त्यांतल्या एकतृतीयांश बायका. दर पाच वर्षांनी एकदा तरी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही. जागा बदलायचीच झाली तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. आणि दुसऱ्या अनुसूचीत एक ओळ आहे, ती मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली: जिथे विक्रेते ५० वर्षांहून अधिक काळ धंदा करत आले आहेत असे नैसर्गिक, म्हणजे परंपरेनं भरत आलेले, बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. त्या काही बोलल्या नाहीत. उठून पेटीतून ती पावती काढून आणली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

आमच्या गावात ही समिती आहे का? असेल तर तिच्यावर कोण आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली, सर्वेक्षणाची यादी कुठे लावली आहे? आम्ही दुकानदार रोज त्या कार्यालयासमोरून जातो. आम्हाला यातलं काही माहीत नाही.

एक गोष्ट मात्र माहीत आहे. २०२० साली, टाळेबंदीनंतर, पीएम स्वनिधी योजना आली तेव्हा फल्ली-फुटाणे विकणाऱ्या एका बाईनं दहा हजारांचं कर्ज घेतलं होतं. बँकेला दाखवायला आपल्याच कार्यालयानं तिला शिफारसपत्र दिलं. त्यावर व्यवसायाचं ठिकाण म्हणून 'आठवडी बाजार' असंच लिहिलं आहे. तिनं ते कर्ज वेळेवर फेडलं. जिला आपण तेव्हा लेखी पथविक्रेती म्हटलं, तिला काल अमुक तारखेपासून जागा बदलते आहे असा एक कागदसुद्धा मिळाला नाही.

दुसरं, अंतर. कागदावर अडीच किलोमीटर काहीच वाटत नाही. जुना बाजार बसस्थानकापासून दोनशे पावलांवर आहे. मी मोजली आहेत. राज्य सरकारनं २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या माणसांना एसटी मोफत केली आणि मार्च २०२३ पासून बायकांना तिकीट निम्मं केलं. त्यानंतर शुक्रवारच्या गाड्यांना गर्दी वाढलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली. पंचाहत्तरीचे म्हातारे-म्हाताऱ्या पिशवी घेऊन उतरतात, पावली-अर्धा किलो घेतात, दवाखान्यात जातात, ओळखीच्या दुकानात दोन घटका बसतात आणि तीनच्या गाडीनं परत जातात. काल बसस्थानकावरून नव्या मैदानावर जायला ऑटोवाले माणशी वीस रुपये घेत होते. त्यांचंही चूक नाही, पेट्रोल त्यांनाही लागतं. पण गावाहून फुकट आलेल्या माणसाला इथे आल्यावर जायचे-यायचे चाळीस रुपये लागले, तर तो पुढच्या शुक्रवारी घरीच बसेल. काल दुपारी मी असे किती जण बसस्थानकावरूनच माघारी गेलेले पाहिले!

तिसरं, ते मैदान. ती काळी जमीन आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीवर पाऊस पडला की काय होतं ते इथे कोणाला समजावून सांगायला नको. मुरूम टाकलेला नाही. नळ नाही, टाकी नाही. दिवा नाही, त्यामुळे साडेसहाला पसरा आवरावा लागतो आणि कामावरून सुटून येणारं गिऱ्हाईक हातचं जातं. आणि स्वच्छतागृह नाही. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पुरुष मंडळींच्या बोलण्यात हा मुद्दा कधी येत नाही. जुन्या बाजारात जे सार्वजनिक स्वच्छतागृह आहे त्याला कित्येक महिने दार नव्हतं. तेव्हा भाजीवाल्या बाया आमच्या घरामागचं वापरायच्या. सासूबाईंनी मागचं दार शुक्रवारी कधी लावूच दिलं नाही. नव्या मैदानाला असं मागचं दार असलेलं एकही घर नाही. काल पहाटे घरून निघालेल्या बाया संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाणी प्यायल्या नाहीत. मी पाच-सहा जणींना विचारलं, सगळ्यांनी हेच सांगितलं. आपल्या सभागृहात ज्या नगरसेविका आहेत त्यांनी एकदा सकाळी सहा ते संध्याकाळी सहा तिथे बसून पाहावं, ही माझी हात जोडून विनंती आहे.

चौथं, पैसा. शुक्रवारी सकाळी बँकेसमोर रांग असते. कोणी लाडक्या बहिणीचे दीड हजार काढायला येते, कोणी पीएम किसानचे दोन हजार. तीच बाई मग चक्कीवर दळण टाकते, पोराला वही घेते, मेडिकलमधून सासऱ्याची बीपीची गोळी घेते, शिंप्याकडे ब्लाऊज देते, मग बाजार करते आणि दळण उचलून गाडी धरते. तिच्या हातातली पाचशेची नोट संध्याकाळपर्यंत गावातल्या चार-पाच गल्ल्यांतून फिरून येते. भाजीवाली तिच्याकडून मिळालेल्या पैशातून माझ्याकडून ताडपत्री नेते, मी त्यातून समोरच्या हॉटेलवाल्याचं चहाचं खातं चुकवते. आता दळण गावात आणि बाजार बायपासवर, बँक इकडे आणि भाजी तिकडे. काल आमच्या ओळीत दुपारी बाराला इतकी शांतता होती की चक्कीचा पट्टा फिरल्याचा आवाज माझ्या दुकानात ऐकू येत होता. माझा कालचा गल्ला सहाशे चाळीस रुपये. मागच्या वर्षी पोळ्याच्या दोन आठवडे आधीच्या शुक्रवारी तो नऊ हजारांवर होता. वही दाखवायला तयार आहे.

पाचवं, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं. गर्दी हटवायची म्हणून जी जागा मोकळी केली, तीच जागा दिवाळीच्या आधी वीस दिवसांसाठी बाहेरच्या एका ठेकेदाराला 'महासेल'साठी भाड्यानं द्यायचा विचार चालू आहे असं आम्ही ऐकतो. ही गोष्ट खोटी असेल तर आपण तसं जाहीर सांगा, मी हा परिच्छेद मागे घेईन आणि माफी मागेन. खरी असेल तर विचार करा. आपल्या भागात दसरा-दिवाळीच्या सुमारास सीतादही म्हणजे कापूस वेचणीची पूजा होते, पहिल्या वेच्याचा कापूस घरात येतो. त्या पहिल्या पैशावर वर्षभराची उधारी फिटते. मृगापासून आम्ही दुकानदार "कापूस निघाल्यावर देतो" या एका शब्दावर माल देत आलेलो असतो. किराणावाले, कृषी केंद्रवाले, कापडवाले, सगळेच. पेरणी उलटली तर दुबार पेरणीला आम्हीच पुन्हा वहीत लिहून घेतो, व्याज न लावता. महासेलवाला वीस दिवस येतो, रोख घेतो, पाल गुंडाळून जातो. पुढच्या मृगात कोणाला बियाणं कमी पडलं तर तो उभा राहणार आहे का? बाहेरच्यानं येऊच नये असं मी म्हणत नाही. इतवारीहून माल आणणारी मी, बाहेरच्याला नाही म्हणायचा मला अधिकार नाही. पण शेवपेटीवाल्याला, कुंभाराला, बांगडीवाल्या बाईला उठवून ती जागा त्याला देऊ नका.

सहावं छोटं आहे. बाजार-वसुलीचा माणूस दर पसऱ्यामागे वीस रुपये घेतो, कधी तीस. पावती मागितली तर मिळते, न मागितली तर नाही. कालसुद्धा त्या चिखलात वसुली झाली. वर्षभरात या वसुलीतून किती आले आणि बाजारावर किती खर्च झाले, हे एका फळ्यावर लिहून लावा. एवढंच.

आता आमची चूकही सांगते. बाजाराच्या दिवशी मुख्य रस्ता तुंबतो, हे खरं आहे. मागच्या उन्हाळ्यात एक बाळंतीण घेऊन निघालेली रुग्णवाहिका आमच्या ओळीत अडकली होती. मी स्वतः गाड्या बाजूला घ्यायला धावले होते, शेवटी हमालांनी दोन हातगाड्या उचलून नाल्यापलीकडे ठेवल्या तेव्हा वाट झाली. बाई सुखरूप पोचली, पण ती वीस मिनिटं मी विसरलेली नाही. बाजार हलवण्यामागे आपल्या मनात हाच प्रसंग असेल तर त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्या दिवशी वाट कशानं अडली होती तेही आठवा. पसरे रस्त्याच्या कडेलाच होते. मधोमध आम्हा दुकानदारांच्या आणि आमच्या गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली होत्या, आणि माल उतरवायला उभे केलेले दोन टेम्पो. त्यातला एक माझ्याच दुकानाचा माल उतरवत होता.

यावर उपाय आम्ही आपसांत बोललो आहोत. शुक्रवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सात बाजार ओळीत चारचाकी आणि टेम्पो बंद. दुकानदारांनी माल गुरुवारी रात्रीच उतरवून घ्यायचा. रस्त्यावर पांढरी रेघ मारून घ्यायची, रेघेच्या आत पसरा, बाहेर मोकळी वाट. रेघ ओलांडली तर दंड, पक्क्या दुकानालाही आणि पसऱ्यालाही सारखाच. बायपासचं मैदान वाया जायचं कारण नाही. शेळ्या-बैलांचा बाजार तिकडे जाऊ द्या, त्याला मोकळी जागा हवीच असते, आणि गाड्या लावायची सोयही तिकडेच करता येईल. मुरूम आणि पाणी मात्र त्यासाठीही लागेल.

व्यापारी संघटनेतल्या माझ्या भावांना एक शब्द सांगायचा आहे. बाजार हलवा अशा अर्जावर आपल्यातल्याच काही जणांच्या सह्या आहेत, हे मला माहीत आहे. दुकानापुढे पाल लागलं की आपला फलक झाकला जातो, पायरीवर कोणी बसतं, भाजीचा कचरा दारात राहतो, हे सगळं मीही भोगते. सह्या करणाऱ्यांवर माझा राग नाही. कालचा गल्ला मोजल्यावर त्यांतल्या दोघांनी संध्याकाळी माझ्याकडे येऊन सही मागे घेतो असं सांगितलं. बाकीच्यांनीही आपापली वही उघडून पाहावी.

पुढच्या दिवसांत गावात काय काय आहे, ते इथे लिहिते, म्हणजे आपल्याला घाई का म्हणते ते कळेल. येत्या शुक्रवारी पोळ्याचा बाजार. शनिवारी खांदमळणी, म्हणजे बैलांचे खांदे मळायचा दिवस. रविवारी पोळा, तोरण दरवर्षीप्रमाणे मारुतीच्या पारापासून बाजार चौकापर्यंत लागेल. सोमवारी तान्हा पोळा. लहान पोरांच्या नंदीसजावटीची बक्षिसं बाजार ओळीतले दुकानदार वर्गणीतून देतात, या वर्षी पंचवीस बक्षिसं ठरली आहेत, वह्या आणि कंपासपेट्या आणून ठेवल्या आहेत. तो पोरांचा मेळा बाजार चौकातच भरतो. त्यानंतर लगेच गणपती, मग महालक्ष्म्या. महालक्ष्म्यांसाठी सोळा भाज्या लागतात, फुलोरा लागतो, त्या एका बाजारावर भाजीवाल्यांचं पुष्कळ अवलंबून असतं. नवरात्रात बचत गटाच्या बायांनी उपवासाच्या पिठाचा पसरा पहिल्यांदाच लावायचं ठरवलं आहे आणि दिवाळीच्या फराळाची मागणी घ्यायला सुरुवातही केली आहे. त्यांनी गटातून कर्ज काढून मोठी कढई आणि गॅसची शेगडी घेतली. त्यांनी मला विचारलं, पसरा कुठे लावायचा? मी सांगितलं, पिंपळाखाली, आमच्या पत्र्याजवळ. आता माझा शब्द राहतो की जातो, ते आपल्या हातात आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

येत्या शुक्रवारचा पोळ्याचा बाजार जुन्याच जागेवर भरू द्यावा, आणि तसं बुधवारपर्यंत लेखी जाहीर करावं. नुसतं घंटागाडीवर नको. आसपासच्या सगळ्या ग्रामपंचायतींच्या फलकांवर आणि बसस्थानकावर लावावं.

दिवाळी होईपर्यंत बाजार हलवायचा निर्णय थांबवावा. त्या काळात पथविक्रेता समिती कायद्याप्रमाणे नेमावी, सर्वेक्षण करावं, आणि निर्णय तिच्यासमोर घ्यावा. आमचा बाजार ५० वर्षांहून जुना आहे की नाही हे ठरवायला कागद लागत असतील तर आमच्याकडे आहेत. इतरांच्या पेट्यांतही निघतील.

जुनी जागा दिवाळीत कोणा बाहेरच्याला देऊ नये. दिवाळी बाजार भरवायचाच असेल तर इथल्या दुकानदारांना, कारागिरांना आणि बचत गटांना आधी जागा द्यावी आणि भाडं सगळ्यांना परवडेल असं ठेवावं. पुढेमागे त्या जागेवर व्यापारी संकुल बांधायचं असेल तर तेही आताच उघड सांगावं, आणि आज बसणाऱ्यांना त्यात ओटे कसे मिळणार ते लिहून द्यावं.

शुक्रवारच्या आधी जुन्या बाजारातल्या स्वच्छतागृहात पाणी आणि आतून लागणारी कडी, एवढं तरी व्हावं. त्याला पैसा फार लागत नाही. कडी मी माझ्या दुकानातून देते.

कालच्या पावसात ज्यांचा माल गेला त्यांची नोंद घ्यावी. फार तर पंधरा-वीस लोक आहेत. ते कुठले, त्यांचं काय गेलं, याची यादी आम्ही करून ठेवली आहे. कुंभारदादांचे एकशेवीस बैल त्यात पहिले आहेत.

सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही निवेदन घेऊन आपल्या कार्यालयात येत आहोत. दुकानं अकरा ते एक बंद राहतील, मेडिकल आणि दवाखाने सोडून. घोषणा देणार नाही, रस्ता अडवणार नाही. खेड्यांवरचे विक्रेते ज्यांना जमेल ते पहिल्या गाडीनं येतील. सासूबाईही येणार आहेत, ती पावती घेऊन. त्यांचं वय ७८ आहे, गुडघ्यांमुळे त्यांना पायऱ्या चढवत नाहीत. आपलं दालन वरच्या मजल्यावर आहे. पाच मिनिटं खाली उतरून त्यांचं ऐकून घ्यावं, ही विनंती.

आपली,
बाजार ओळीतली एक दुकानदारीण
यवतमाळ जिल्हा